शिवणीबाहेरची खूण

कापायचं मोठं टेबल रविवारी दुपारी रिकामं झालं, तेव्हाच काजवालीनं हातातलं काज अर्धंच सोडलं. या घरात येऊन तिला सोळा वर्षं झाली होती, पण त्या टेबलावर कापडाशिवाय दुसरं काही ठेवलेलं तिनं पाहिलं नव्हतं. चहाचा कपसुद्धा अण्णा, तिचे सासरे, ठेवू देत नसत. कुणी चुकून ठेवलाच तर ते तोंडानं काही बोलत नसत, नुसते कपाकडे बघत राहत, आणि ठेवणारा तो उचलून उभ्या उभ्या जीभ भाजून घेई. आज मात्र खुद्द अण्णांनीच कात्र्या, पट्ट्या, ताके एका कडेला लावले होते, ओल्या फडक्यानं टेबल पुसलं होतं आणि हात मागे बांधून ते दाराकडे बघत उभे होते. नातीसाठी रायफल निवडायची होती.

खरं तर निवडायचं असं काही उरलेलंच नव्हतं. अण्णांची निवड तीन आठवड्यांपूर्वीच झाली होती. वन्संच्या मुलाची, म्हणजे दादूची, जुनी पॉइंट टू-टू रायफल नेमबाजीच्या क्लबच्या कपाटात सहा वर्षं पडून होती. चांगली, जड, लांब नळीची, मोठ्या माणसाच्या मापाची. "घरात आहे ती वापरायची," असं अण्णा म्हणाले होते. त्याप्रमाणे टाचणीनं क्लबची लहान रायफल परत केली, ती दुसऱ्या एका मुलीला गेली, आणि तीन आठवडे टाचणी दादूच्या रायफलीवर सराव करत होती.

टाचणी म्हणजे काजवालीची मुलगी. तेरा वर्षांची, सरळसोट, खांद्यापासून टाचेपर्यंत कुठं वळण म्हणून नाही. शिंप्याच्या घरात असल्या पोरीला दुसरं काय नाव पडणार? काजवालीचंही तसंच. लग्नाआधी ती याच दुकानात काजं करायला येई, म्हणून वन्संनी तिला पहिल्याच दिवशी काजवाली म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

आठ दिवसांपूर्वी टाचणी केस धुऊन बाहेर आली, तेव्हा काजवालीला तिच्या उजव्या दंडावर ती खूण दिसली. खांद्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला, बोटभर लांब निळसर पट्टा.

"हे काय गं?"

"काही नाही. रायफलीचा दस्ता लागतो तिथं. आणि कधी कधी बोटांना मुंग्या येतात. थोड्याच."

"बोटांना मुंग्या येतात आणि तू मला आज सांगतेस?"

"आई, अण्णांना सांगू नकोस. शप्पथ आहे. ते म्हणतील, दादूसारखीच निघाली. बंद करतील."

ही भीती काही उगाच नव्हती. दादूनं दोन वर्षं नेमबाजी केली आणि एक दिवस रायफल क्लबमध्ये ठेवून घरी आला, तो पुन्हा गेलाच नाही. का, ते त्यानं धड सांगितलं नाही. अण्णांनी त्याला कामचुकार ठरवलं, वन्संनी सगळ्यांसमक्ष त्याच्या कानाखाली दिली, आणि त्या दिवसापासून दादू या कामाच्या खोलीत पाय ठेवत नव्हता. आता तो दुसऱ्या गावी छापखान्यात होता. आला तर बाहेरच्या बाहेर, उंबऱ्यावरून "बरं आहे ना?" विचारून जायचा. टाचणीनं नेमबाजीचं नाव काढलं तेव्हा अण्णांनी एकच अट घातली होती. हातात घेतलंस तर रडगाणं ऐकून घेणार नाही. जमत नसेल तर त्याच दिवशी बंद.

काजवालीनं शप्पथ पाळली खरी, पण आठ दिवस तिला अन्न गोड लागलं नव्हतं. बोलावं तर पोरीचं नेमबाजीचं सुटतं. न बोलावं तर पोरीचा हात. काल रात्री नवऱ्याला तिनं खूण सोडून बाकी सगळं सांगून पाहिलं होतं. लांब पडते तिला, लहान घेऊ या, क्लबच्या मॅडम पण तेच म्हणतात. "बघतो, अण्णांशी मी बोलतो," असं तो अगदी छाती काढून म्हणाला होता. आत्ता तो शिलाईमशीनवर बसून ज्या मशीनला तेलाची गरज नव्हती तिला तेल घालत होता.

तीनच्या सुमाराला मॅडम आल्या. क्लबात लहान मुलांना त्याच शिकवत. बुटक्या, चटपटीत, दोन्ही खांद्यांना एकेक लांब पेटी. मागोमाग वन्सं.

"आधी एक सांगते," मॅडमनी पेट्या उघडण्यापूर्वी सांगितलं. "गोळ्या मी आणलेल्या नाहीत. दोन्हींचे गोळी भरायचे बोल्ट काढून माझ्या पिशवीत ठेवलेत. तरीही नळी कुणाकडे करायची नाही. ही सवय रिकाम्या बंदुकीपासूनच लावायची असते."

वन्संनी पदर सावरून दोन पावलं मागे घेतली. मॅडमनी दोन्ही रायफली शेजारी शेजारी ठेवल्या. दादूची काळपट, भारदस्त, टेबलाचा अर्धा भाग व्यापणारी. दुसरी तिच्यापुढे अगदीच खेळण्यासारखी दिसत होती. आखूड दस्ता, बारीक नळी, आधीच्या कुण्या पोरानं दस्त्यावर नखानं कोरलेली एक चांदणी.

"हीसुद्धा पॉइंट टू-टूच," मॅडम म्हणाल्या. "एका वेळी एकच गोळी. वजन जवळपास निम्मं. आणि हे बघा." त्यांनी दस्त्याच्या मागचे दोन स्क्रू सैल केले आणि पातळ लाकडी चकती काढून दाखवली. "पोरगी वाढली की अशी एकेक चकती घालत जायची. ही लहान रायफल विकणारे पाचपर्यंत थांबतील. पाचनंतर दुसरं एक घर तयार आहे. आणि संघाची निवडचाचणी सहा आठवड्यांवर आलीय, तेव्हा आज काय ते ठरवा."

"ठरवायचं काय त्यात?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तो चढायची गरजच कधी पडली नव्हती. "मॅडम, मी पन्नास वर्षं पोरांचे कपडे शिवतोय. पोरांचं माप कधी घ्यायचं नसतं, पोरं जिथं पोचणार तिथलं घ्यायचं असतं. दोन बोटं जास्त. आज बाही लोंबते, वर्षानं अंगात येते. वाढत्या अंगाचं घ्यावं."

हे वाक्य या घरातल्या प्रत्येक पोरानं दुमडलेल्या बाह्यांसकट ऐकलं होतं. टाचणी तिच्या सहावीच्या युनिफॉर्ममध्ये सातवीला मावली होती, आणि तेही घरात कौतुकानंच सांगितलं जाई.

"कपडा सैल असला तरी मुलाला हलता येतं," मॅडम म्हणाल्या. "रायफल लांब असली तर मूल तिच्याभोवती वाकतं."

"माझा दादू नाही वाकला," वन्सं म्हणाल्या. "बाराव्या वर्षी हीच उचलायचा. पहिल्या वर्षी कप आणला होता त्यानं. पुढं आळस भरला अंगात, तो भाग वेगळा." आणि मग काजवालीकडे वळून, "तुला दादूची वापरलेली नको वाटते का गं? तसं असेल तर तसं सांग."

"तसं नाही हो वन्सं."

"मग कसं?"

काजवालीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं तेलाच्या डबीकडे पाहिलं.

"म्हणजे... अण्णा म्हणतात तेही बरोबर आहे," तो डबीलाच म्हणाला. "आणि मॅडमचंही काही चूक नाही."

झालं! कालची छाती एवढ्यावर आली. काजवालीला हसावं की रडावं कळेना.

"दस्ता थोडा कापून घेतला तर?" त्यानं जरा धीर करून विचारलं.

"कापता येईल," मॅडम म्हणाल्या, "पण वजन राहतंच. आणि मग सगळा भार पुढे जातो."

"आणि कापलेलं परत जोडता येत नाही," अण्णा म्हणाले. विषय संपला. "पोरीलाच विचारा ना. तिला काही त्रास आहे का? काय गं?"

टाचणी इतका वेळ भिंतीला टेकून दोन्ही रायफलींकडे पाहत होती. काजवालीला ती बघताना दिसत होती. लहानीकडे तिची नजर गेली की तिथून हलत नसे, आणि अण्णांनी विचारलं तशी ती झटकन मोठीवर आली.

"नाही अण्णा. मला चालेल मोठी."

"बघा!" वन्सं म्हणाल्या.

अण्णांनी खुंटीवरून एक जाकीट काढलं. जाड कापडाचं, कोपरांना आणि खांद्याला ठिगळासारखे मऊ तुकडे लावलेलं. दादूसाठी त्यांनी स्वतः शिवलेलं. टाचणीसाठी त्यांनी आठवडाभर खपून ते आत घेऊन लहान केलं होतं. "घाल. उभी राहून दाखव मॅडमना."

टाचणीनं जाकीट घातलं, दादूची रायफल उचलली, नळी मोकळ्या भिंतीकडे केली आणि दस्ता खांद्याशी नेला. ओठ घट्ट मिटलेले. नेम धरलेल्या माणसासारखी ती दिसत होती, आणि अण्णांचा चेहरा खुलला. मॅडम बाजूनं फिरून बघत होत्या. काजवालीची नजर मात्र पोरीच्या चेहऱ्यावर नव्हती, ती तिच्या उजव्या बाहीवर होती.

जाकिटाला खांद्याच्या खळग्यात एक गादी होती, असते तशी. आणि तिच्या बाहेर, खांद्याची शिवण ओलांडून, दंडावर आणखी एक गादी होती. जाडजूड, दुहेरी टाक्यांची. जाकीट आत घेताना अण्णांनी ती तशीच ठेवली होती. दस्ता बरोबर तिच्यावर टेकला होता.

बाहीवर गादी? बाहीवर कशाला लागते गादी? ही गादी टाचणीसाठी लावलेली नव्हती. ती सात-आठ वर्षं जुनी होती, कडेनं सुतं निघालेली. म्हणजे तेव्हाही कुणाच्या तरी दंडाला काहीतरी लागत होतं, कुणीतरी ते इथं येऊन सांगितलं होतं, आणि या घरानं आपल्याला जे येतं तेच केलं होतं. कापड लावलं होतं.

"अण्णा," ती म्हणाली. "जाकिटाशिवाय बघू या का एकदा?"

"जाकिटाशिवाय कशाला?"

"ट्रायलला आपण वरचा कोट काढूनच बघतो ना. आतलं कसं बसलंय ते."

हे तिला अण्णांनीच शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. टाचणीनं मात्र आईकडे असं पाहिलं की काजवालीला वाटलं, आता ही पोरगी आपल्याशी जन्मात बोलणार नाही.

"आई, कशाला?"

"शर्टावर ये. आणि टेबलावर पालथी झोप, क्लबात झोपतेस तशी."

"टेबलावर?" वन्सं आणि नवरा एकदमच म्हणाले, आणि दोघांनीही अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान डोलावली.

टाचणी गडद निळ्या शर्टात टेबलावर चढली आणि पालथी झाली. काजवालीनं कनवटीचा खडू काढला, माप घेताना खुणा करायचा चपटा पांढरा खडू, आणि दादूच्या रायफलीच्या दस्त्याची मागची कड त्यानं घासून पांढरी केली.

"धर. नेम घे. दहा आकडे मोज."

टाचणीनं नेम घेतला. मान ताणून पुढे गेली, तरी डोळा नेमाच्या मागच्या छिद्राशी पोचेना. तो पोचावा म्हणून उजवा खांदा सरकला, आणि दस्ता घसरून बाहेर गेला. आठ, नऊ, दहा.

"ठेव. उठून बस."

निळ्या शर्टावर पांढरी खूण उमटली होती. बोटभर लांब, स्वच्छ. खांद्याच्या शिवणीच्या बाहेर, बाहीवर.

काजवालीनं लहान रायफलीचा दस्ता खडूनं घासला. पुन्हा तेच. या वेळी टाचणीची मान ताणली गेली नाही, गाल आपोआप लाकडावर टेकला आणि चेहरा सैलावला. ती उठून बसली, तेव्हा दुसरी खूण शिवणीच्या आत होती, गळ्याजवळच्या हाडाखालच्या खळग्यात, दोन बोटं आत.

"एवढंच मी तीन आठवडे सांगत होते," मॅडम हळू म्हणाल्या.

"खांदा उतरता आहे पोरीचा," अण्णा म्हणाले. "असतो एकेकाचा तसा. तिथं एक गादी..." आणि ते थांबले. त्यांचा हात खुर्चीवर टाकलेल्या जाकिटाकडे गेला होता, बाहीवरच्या गादीकडे, आणि तिथंच राहिला.

"टाचणे, बाही वर कर," काजवाली म्हणाली.

"नाही! आई, मी तुला शप्पथ घातली होती!"

"मी काही बोलले का? मी एक शब्द बोललेली नाही."

टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बाही वर केली. निळसर पट्टा बरोबर तिथंच होता जिथं खडूची पहिली खूण होती. नवरा तेलाची डबी ठेवून उठला आणि पोरीपाशी आला. "हे कधीपासून?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बापाकडे वळला. "अण्णा, लहान घ्यायची. मी सांगतोय." सोळा वर्षांत काजवालीनं त्याच्या तोंडून 'मी सांगतोय' पहिल्यांदा ऐकलं.

पण अण्णांचं लक्षच नव्हतं. लक्ष होतं वन्संचं, त्या टाचणीच्या दंडाकडे टक लावून बघत होत्या.

"तो डाव्या कुशीवर झोपायचा," वन्सं म्हणाल्या. "दादू. दोन वर्षं. मी म्हणायची, सरळ झोप की रे. तर म्हणायचा, अशीच झोप लागते. आणि अण्णा, तुम्हाला आठवतं? तो एकदा तुमच्याकडे आला होता, दंडाला लागतं म्हणून. तुम्ही मला म्हणालात, गादी लावून दिली आहे, आता तक्रार नको. मग तो कुणाला सांगणार होता?" त्या मटकन स्टुलावर बसल्या. "आणि मी त्याला मारलं. सगळ्यांच्या देखत."

मॅडम पेटीचं कुलूप उगाच उघडझाक करत होत्या. टाचणी अजून टेबलावरच बसली होती, पाय खाली सोडून, आणि रडू आवरत तिनं विचारलं, "बंद का आता माझं?"

हेच ते, आठ दिवस काजवालीच्या डोक्यात हिंडत होतं. अण्णांनी अट घातली होती, आणि अण्णा दिलेला शब्द फिरवत नसत, दुसऱ्याचाही फिरवू देत नसत.

अण्णांनी जाकीट टेबलावर आणलं. टाचणीशेजारी ते पसरलं, उसवायची सुई घेतली आणि बाहीवरच्या गादीचा पहिला टाका उचलला. जुने दुहेरी टाके, त्यांचेच, पक्के. एकेक तुटताना टक टक आवाज येत होता.

"ट्रायलला कपडा काचला म्हणून आपण गिऱ्हाइकाला हाकलतो का?" ते मान वर न करता म्हणाले. "मॅडम, त्यांना फोन करा. लहान घेतली म्हणावं. त्या चकत्या सगळ्या द्यायला सांगा."

टाचणीनं हुंदका दिला आणि आईच्या गळ्यात पडली. खडू लागलेला शर्ट, खडू लागलेले हात, काजवालीचा पदर पांढरा झाला. पण तिची नजर पोरीच्या खांद्यावरून अण्णांकडेच होती, कारण अण्णा थांबले नव्हते. गादी निघाली. खालचं कापड मूळ रंगाचं, नवंकोरं होतं. त्यांनी गादी हातात धरून दाबून पाहिली, मऊ आहे का ते बघावं तशी.

"मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कळलं नाही. "हात वर करा, खाली बसा, काचतंय का कुठं? नाही म्हणाला तरी परत विचारतो. परक्याला विचारतो."

वन्संनी डोळे पुसले.

"त्याचा नंबर लाव," अण्णा वन्संना म्हणाले.

"आत्ता? कामावर असेल हो तो. रविवारीही पाळी असते त्याची. आणि तुमच्याशी तो..."

"लाव."

वन्संनी फोन लावून दिला. अण्णांनी तो कानाशी धरला. पलीकडे घंटी वाजत असावी, बराच वेळ. दुसऱ्या हातानं ते टेबल चाचपत होते, काहीतरी धरायला हवं असल्यासारखे, आणि त्या हाताला काजवालीचा खडू लागला.

"मी बोलतोय," अण्णा म्हणाले. "दुकानातून. नाही, नाही, सगळे बरे आहेत. तुझी आई इथंच आहे." वन्सं फोन परत घ्यायला पुढे सरकल्या. अण्णांनी मानेनंच त्यांना थांबवलं.

"दादू, ती रायफल," ते म्हणाले. "काचत होती का रे तुला? कुठं काचत होती?"

पलीकडून काय उत्तर आलं ते खोलीत कुणालाच ऐकू आलं नाही. बोलणारा आधी थांबत थांबत बोलत असावा आणि मग न थांबता. अण्णा ऐकत राहिले. मधेच "हं" म्हणाले, पुन्हा "हं" म्हणाले. ऐकता ऐकता त्यांचा खडूचा हात वर गेला, स्वतःच्या उजव्या खांद्यापाशी आला, शिवणीवर घुटमळला, आणि मग शिवण ओलांडून बाहीवर त्यांनी एक रेघ ओढली.

"इथं?" त्यांनी फोनमध्ये विचारलं, आणि थोडं ऐकून रेघ आणखी बोटभर खाली नेली.